प्रीती आणि मैत्री

प्रभूची प्रीती बिनशर्त आहे, असे आम्ही उपदेशात नेहमी सांगतो. पण योहानाच्या 15व्या अध्यायातील 14व्या वचनापाशी आलो की अडखळतो. तेथे प्रभू शिष्यांना मित्र म्हणतो खरा, पण आज्ञापालनाची अट घालून. प्रीतीला अट नाही आणि मैत्रीला मात्र आहे, हे कसे?

आम्हांला याचा उलगडा यहूदा इस्कार्योताच्या हकिगतीत झाला. 13व्या अध्यायात प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा यहूदा तेथेच होता. तो बाहेर गेला तो घास घेतल्यावर. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले. पुढे बागेत चुंबन घेतल्यावरही प्रभूने त्याला मित्र म्हणूनच हाक मारली, असे मत्तय सांगतो. तेथील मूळ ग्रीक शब्द मात्र योहानातला जिव्हाळ्याचा शब्द नव्हे. नुसत्या सोबत्याला हाक मारावी तसा तो आहे. मैत्री तुटली होती. तरी धुतलेले पाय धुतलेलेच राहिले.

मंडळीच्या हिशोबात खोट केलेल्या एका बंधूंशी आम्ही बोलणे सोडले. पैसे पुन्हा त्यांच्या हाती देऊ नयेत, हे आमचे मत आजही कायम आहे. परंतु त्यांच्या घरी आजारपण आले, तेव्हा आम्ही दारापर्यंतही गेलो नाही. मैत्रीची अट आम्ही प्रीतीला लावली. प्रभुभोजनाच्या रविवारी ते शेवटच्या बाकावर एकटेच बसतात. येत्या खेपेस आम्ही त्या बाकावर बसणार आहोत. ते सरकून जागा देतील की उठून जातील, ठाऊक नाही.