अन्वय, व्यतिरेक आणि थांबणारे इंजिन

न्यायशास्त्राचा विद्यार्थी गुरुगृही पहिल्याच वर्षी दोन शब्द घोकतो : अन्वय आणि व्यतिरेक. एक असता दुसरे असते, हा अन्वय. एक नसता दुसरे नसते, हा व्यतिरेक. धूर आहे तेथे अग्नी आहे, जसे स्वयंपाकघर. अग्नी नाही तेथे धूर नाही, जसा पाण्याचा डोह. आम्हीही लहानपणी हे शेंडी हलवून घोकले आणि पंडित झालो असे वाटून घेतले. परंतु या दोन शब्दांवाचून माणसाची अब्रू कशी जाते आणि त्यांच्यामुळे ती कशी परत येते, हे आमच्या माढा तालुक्यात एका ट्रॅक्टरच्या निमित्ताने पाहावयास मिळाले. तेच आज सांगावयाचे आहे.

माढा तालुका म्हणजे सावतामहाराजांचा तालुका. अरणला त्यांची समाधी आहे, इ. स. १२९५ मध्ये त्यांनी देह ठेवला. लऊळला कूर्मदासांचे स्थान. हातपाय नसलेला हा भक्त पंढरीच्या ओढीने सरपटत लऊळपर्यंत आला आणि देवच त्याच्या भेटीस तेथे आला, अशी परंपरेची कथा आहे. म्हणजे ही भूमी कष्टाची आहे, बरे का! मळा हेच ज्यांचे देऊळ, त्यांची ही भूमी. पुढे भीमेवर उजनीचे धरण झाले, १९८० च्या सुमारास ते पुरे झाले, आणि जेथे ज्वारीला आभाळाकडे पाहावे लागे तेथे ऊस डोलू लागला. उसाबरोबर बैल मागे पडले आणि ट्रॅक्टर पुढे आले. १९६० नंतर देशात एकामागून एक ट्रॅक्टरचे कारखाने निघाले. मुंबईत महिंद्र मंडळींनी परदेशी कंपनीच्या भागीदारीत १९६३ साली काढला, तो त्यांतलाच एक. त्या काळची काही यंत्रे आजही आमच्याकडे नांगर ओढतात. आजोबांनी घेतलेला ट्रॅक्टर नातू चालवतो, आणि तो विकावयाचा म्हटले की घरातली म्हातारी जेवत नाही.

अशाच एका घरी ट्रॅक्टर थांबू लागला. सकाळी एका झटक्यात सुरू व्हावा, वीस मिनिटे उत्तम नांगरावे, मग आचके देऊन, आवाज वरखाली करीत गप्प बसावे. अर्धा तास उभा ठेवला की पुन्हा सुरू. पुन्हा वीस मिनिटे, पुन्हा गप्प. ज्वारीच्या पेरणीचे दिवस. ओल उडून चालली होती, आणि ओल कोणासाठी थांबत नाही.

घरात दोघे भाऊ. त्यांचा ड्रायव्हर तीन वर्षांचा जुना, गरीब, माळकरी. भावांनी ताळा घेतला. ड्रायव्हर कुर्डुवाडीहून टाकी भरून आणतो त्या दिवशी ट्रॅक्टर लवकर थांबतो. धाकटा भाऊ घरच्या कॅनमधले पाच लिटर ओततो त्या दिवशी दोन-दोन तास चालतो. झाले! ड्रायव्हर डिझेल विकतो आणि टाकीत रॉकेल नाही तर पाणी घालतो, असा निर्णय झाला. थोरल्याने तो पारावर बोलून दाखविला. महिन्याचा पगार अडविला आणि त्याला घरी बसविले. तो माझ्याकडे आला होता. म्हणाला, ''बुवा, माझ्या हातानं एक थेंब बी गेला नाही. पण दादांनी पारावर सांगितलंय. आता पोरीच्या सोयरिकीला कोण येईल?''

श्रोते हो, येथे थोडे थांबू. भावांचा अन्वय वरवर निर्दोष दिसतो की नाही? त्याने भरले की थांबतो, आम्ही भरले की चालतो. परंतु शास्त्रात याला उपाधी म्हणतात. दोन गोष्टी बरोबर दिसतात, पण त्यांना जोडणारी तिसरीच गोष्ट आड बसलेली असते. कावळा बसावयास आणि ताडाचे फळ पडावयास एक गाठ पडली, तर फळ कावळ्याने पाडले असे म्हणणारा तो काकतालीय न्याय. क्रोध आला की माणसाला उपाधी दिसत नाही. तो निर्णय अगोदर करतो आणि पुरावा मागाहून गोळा करतो.

शेवटी म्हातारीने कुर्डुवाडीचा एक वृद्ध मिस्त्री बोलाविला. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली, पुढे कुर्डुवाडीस तिचा कारखाना उभा राहिला आणि त्या गावाला लोखंडाची भाषा कळू लागली. हा त्याच मातीतला. त्याने आल्याबरोबर पाना उचलला नाही. बसला, चहा घेतला आणि प्रश्न विचारू लागला. थांबताना एकदम थांबतो की हळूहळू? धूर काळा येतो की पांढरा? उतारावर थांबतो की चढावर? टाकी भरलेली असता की रिकामी असता? आणि हे केव्हापासून? मला आमचे वैद्यकाचे निदानपंचक आठवले : हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. नाडीवर हात ठेवण्याआधी वैद्य विचारतो, तद्वत हे चालले होते.

डिझेलच्या इंजिनाचे वर्म फार साधे आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन गृहस्थाने १८९७ साली ते यशस्वी करून दाखविले. यात ठिणगी नाही. नळकांड्यात हवा इतकी दाबायची की ती आपोआप लालभडक तापते. त्यात नोझलमधून डिझेलची फवार मारली की स्फोट होतो. म्हणून यास तीनच गोष्टी लागतात : डिझेल, हवा आणि दाब. दाब गेला तर सकाळी थंड इंजिन सुरूच होणार नाही. हे तर एका झटक्यात होते. हवेची जाळी तुंबली तर काळा धूर ओकेल, तो नव्हता. टाकीत पाणी असते तर पांढरा धूर आणि ठोके येते, शिवाय अर्धा तास उभे राहून पाण्याचे डिझेल होत नाही. उरली डिझेलची वाट. आणि आचके देत विझणे हे उपासमारीचे लक्षण.

मिस्त्री म्हणाला, ''स्वस्तातलं आधी बघायचं, महागाचं मागून.'' पोरे मात्र आधीच पंप खोलून न्यायला निघाली होती. त्याने टाकीखालचा तोटीचा नट ढिला करून थोडे डिझेल काचेच्या पेल्यात धरले आणि उन्हात ठेवले. तळाशी पाणी नाही, वास रॉकेलचा नाही. ड्रायव्हरवरचा अर्धा आरोप त्या पेल्यात विरघळला. फिल्टर पाहिला, बरा होता. रबरी नळी दाबून पाहिली. जुनी नळी आतून सोलून पडद्यासारखी आडवी येते, म्हणून. तीही ठीक. मग त्याने टाकी काठोकाठ भरली, टोपण घट्ट बसविले आणि म्हणाला, ''चालवा.'' अठराव्या मिनिटाला ट्रॅक्टरने मान टाकली. त्याने टोपण फिरविले, आणि 'सुस्स' करून हवा आत शिरली. सर्वांनी ऐकले. लगेच कळ मारली, चालू! मग टोपण नुसते वर ठेवून तासभर नांगरले, थांबला नाही. पुन्हा घट्ट केले, पुन्हा थांबला. हा अन्वय आणि हा व्यतिरेक.

टोपणाला बारीक छिद्र असते. टाकीतून जितके डिझेल जाईल तितकी हवा त्या वाटेने आत यावी लागते. न आली तर आत पोकळी धरते आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. उभे ठेवले की आट्यांतून हळूहळू हवा झिरपते, म्हणून अर्ध्या तासाने सुरू. आता उपाधी पाहा. काठोकाठ भरलेल्या टाकीत वर हवा किती, तर लिटर-दोन लिटर. त्यातून लिटरभर डिझेल ओढले की लगेच ताण. पाचच लिटर डिझेल असलेल्या टाकीत वर तीस-पस्तीस लिटर हवा मोकळी. दोन-चार लिटर गेले तरी तिला फारसे जाणवत नाही. म्हणून ड्रायव्हर प्रामाणिकपणे टाकी भरून आणी त्या दिवशी ट्रॅक्टर लवकर थांबे. त्याची सचोटीच त्याच्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली होती!

आणि छिद्र बुजले कशाने? खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊन थोरल्याने स्वहस्ते लाल रंग दिला होता. टोपणालाही. त्यावर हळदकुंकवाचे बोट. रंग वाळला, छिद्र मिटले. ''केव्हापासून?'' या प्रश्नाचे उत्तर घरात कोणी दिले नव्हते, कारण सगळे 'कोणामुळे' या प्रश्नात गुंतले होते. पूजा अवश्य करावी, पण ज्याची पूजा करतो त्याचा श्वास कोठून चालतो हे ठाऊक असावे.

मिस्त्रीने दाभणाने छिद्र मोकळे केले. वाटेत शिरलेली हवा काढावयास फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारला, बुडबुडे संपून सलग डिझेल येईतो, मग तो आवळला आणि मोठ्या पंपावरचा ढिला केला. दिंडीत ट्रॉली ओढणाऱ्या मंडळींनी हे शिकून घ्यावे. वाटेत डिझेल संपले की इंजिन हवा धरते आणि पाण्याचा टँकर मागे राहतो. मात्र इंजिन चालू असता नोझलच्या नळीची गळती बोटाने चाचपू नये. तेथील फवार कातडीत शिरते आणि हात गमवावा लागतो. टाकी संध्याकाळी भरून ठेवावी, म्हणजे रात्रीच्या गारठ्याने आत पाणी धरत नाही.

मजुरी देऊन मिस्त्री गेला. थोरला म्हणाला, उद्या ड्रायव्हरला निरोप धाडतो, पगार देऊन टाकतो. म्हातारी उंबऱ्यावर बसली होती. ती म्हणाली, ''पगार घरात दे. पण बोललास पारावर, ते पारावरच माघारी घे.'' थोरल्याची मान खाली. पण दशमीच्या रात्री हरिपाठ झाल्यावर, सारा गाव बसलेला असता, तो उभा राहिला आणि टोपण हातात धरून झाला प्रकार त्याने सांगितला. रंग आपण दिला, हेही सांगितले. ड्रायव्हर मागे खांबाला टेकून बसला होता. त्याला पुढे बोलाविले, पगाराची पुडी पुढे केली. तो म्हणाला, ''पैशाचं मागनं बघू, दादा. आधी ते टोपण बघू द्या.'' आणि कंदिलापाशी जाऊन त्याने छिद्रातून उजेड येतो का ते पाहिले.