शोधाचा हक्क आणि सापडलेला माणूस : एका युद्धपटाच्या निमित्ताने

१

युद्धात मरण पावलेल्या माणसाचे काय करायचे, हे समाजाला ठाऊक असते. शोक, अंत्यविधी, स्मारक, निवृत्तिवेतन अशा ठरलेल्या वाटांनी तो मृत्यूला आपल्या व्यवस्थेत सामावून घेतो. बेपत्ता माणूस मात्र या व्यवस्थेत बसत नाही. त्याच्याविषयी बोलताना 'आहे' म्हणावे की 'होता' म्हणावे, येथपासूनच अडचण सुरू होते. ही अनिश्चितता फार काळ टिकू नये, असा धर्माचा आणि कायद्याचा दोघांचाही प्रयत्न असतो. देह न सापडलेल्या माणसासाठी काही काळ वाट पाहून पळसाच्या पानांची प्रतिमा करावी व तिला अग्नी द्यावा, अशी सोय धर्मशास्त्राने केली. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने सात वर्षांची मुदत घातली. ज्यांना एखाद्याची वार्ता स्वाभाविकपणे कळली असती, त्यांना ती सात वर्षे कळली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या अधिनियमातही ही तरतूद कायम आहे.

बेपत्ता सैनिकाचा शोध घेणारी स्त्री हा युद्धपटांतील एक परिचित आकृतिबंध आहे. ही स्त्री नेमका हा भार स्वतःच्या खांद्यावर घेते. तिच्या निष्ठेचे आपल्याला कौतुक वाटते, पण त्या कौतुकाआड एक नैतिक प्रश्न दडून राहतो. ज्याला शोधायचे त्याच्यावर शोधणाऱ्याचा हक्क असतो काय? असल्यास तो हक्क कोठे संपतो? ज्याँ-पिएर झने यांच्या २००४ सालच्या 'अ व्हेरी लाँग एंगेजमेंट' या फ्रेंच चित्रपटाच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

२

सेबास्तियाँ जाप्रिझो यांच्या १९९१ सालच्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. कादंबरीचे व चित्रपटाचे मूळ फ्रेंच शीर्षक मराठीत सांगायचे तर 'वाङ्निश्चयाचा एक प्रदीर्घ रविवार' असे होईल. येथे 'साखरपुडा' हा रूढ शब्द न घेता 'वाङ्निश्चय' हा शब्द मुद्दाम घेतला आहे. त्यात 'वाक्' आहे. दोन माणसांमध्ये अद्याप काहीही घडलेले नाही, केवळ शब्द दिला गेला आहे, अशी ती अवस्था आहे. शब्द देणारा दुसरा पक्षच नाहीसा झाला, तर त्या शब्दाचे काय होते, हा या कथेचा गाभा आहे.

कथेची पूर्वपीठिका १९१७ च्या जानेवारीत सोमच्या आघाडीवर घडते. युद्धातून सुटका व्हावी म्हणून स्वतःला जखमी करून घेतल्याच्या आरोपावरून पाच फ्रेंच सैनिकांना मृत्युदंड सुनावला जातो. त्यांना गोळ्या घालण्याऐवजी दोन्ही सैन्यांच्या खंदकांमधल्या निर्मनुष्य पट्ट्यात ढकलून दिले जाते. म्हणजे ठार करण्याचे काम शत्रूवर सोपवले जाते. त्यांतला सर्वांत लहान मानेक. त्याने पेटती सिगारेट धरलेला हात खंदकाबाहेर उंच धरला आणि जर्मन गोळी हातावर घेतली. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने आपल्याच सहाशेहून अधिक सैनिकांना मृत्युदंड दिला, ही इतिहासातील नोंद लक्षात घेतली, तर कथेतील कल्पितामागचा आधार ध्यानात येतो. राष्ट्राध्यक्षांनी दिलेली माफी आघाडीवरच्या अधिकाऱ्याने दडपून ठेवली, हे पुढे उघड होते. या पाच माणसांचे मरण शासनाच्या कागदावर युद्धातले सामान्य मरण म्हणून नोंदले गेले आहे.

युद्ध संपल्यावर मानेकची वाग्दत्त वधू मातिल्द शोधाला लागते. बालपणी झालेल्या पोलिओमुळे ती लंगडते. तिची पद्धत पाहण्याजोगी आहे. मृत्युशय्येवरील एका माजी सार्जंटची साक्ष, त्याने दिलेली एक पेटी, पत्रे, छायाचित्रे, जर्मन बुटांचा एक जोड, हाताशी धरलेला वकील व खासगी गुप्तहेर यांच्या साह्याने ती शासकीय नोंदीच्या विरोधात दुसरी नोंद उभी करते. एकच घटना वेगवेगळ्या साक्षीदारांच्या तोंडून पुनःपुन्हा सांगितली जाते आणि प्रत्येक वेळी तिचा अर्थ थोडा सरकतो. कथनाची ही रचना रहस्यकथेची असली, तरी तिचे कार्य नैतिक आहे. 'मृत' हा एका शब्दाचा निर्णय मोडून त्याच्या जागी पाच वेगवेगळ्या माणसांच्या पाच वेगवेगळ्या गोष्टी ठेवणे, हे ते कार्य होय. शोधाचे पहिले मूल्य येथे आहे. तो यशस्वी होवो अथवा न होवो, माणसाचे रूपांतर एका रकान्यात करण्यास तो नकार देतो.

मातिल्दच्या समांतर तीना लोम्बार्दी ही दुसरी स्त्री शोध घेत असते. तिचा प्रियकर त्या पाचांतलाच. तो मेला आहे याची खात्री पटल्यावर ती जबाबदार माणसांना एकेक करून ठार करते आणि शेवटी गिलोटिनखाली जाते. दोघींची साधने बरीचशी सारखी आहेत, दुःखही सारखे आहे. परंतु तीनाचा शोध 'कोणी केले?' या प्रश्नाकडे जातो, तर मातिल्दचा 'तो कोठे आहे?' या प्रश्नाकडे. पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळते व तेथे तो संपतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर खरी अडचण सुरू होते.

३

ही अडचण इतर चित्रपटांनीही ओळखली आहे. बेर्त्राँ ताव्हेर्निए यांच्या 'लाइफ अँड नथिंग बट' (१९८९) या चित्रपटात १९२० साल आहे. एक फ्रेंच मेजर साडेतीन लाख बेपत्ता सैनिकांचा हिशेब लावत बसला आहे, आणि शासनाला त्याच वेळी एका अनामिक सैनिकाचे शव हवे आहे. असंख्य प्रश्नांना एकच उत्तर देणारे ते शव असेल. त्याच गर्दीत दोन स्त्रिया आपापल्या पुरुषाला शोधत आहेत. एक पत्नी आहे, दुसरी प्रेयसी. अखेरीस कळते की दोघी एकाच माणसाला शोधत होत्या. 'माझा' हा शब्द किती अपुरा पुरावा आहे, हे यातून दिसते.

व्हित्तोरिओ दे सिका यांच्या 'सनफ्लॉवर' (१९७०) मध्ये जोव्हान्ना ही इटालियन स्त्री रशियाच्या आघाडीवर हरवलेल्या नवऱ्याला शोधत सोव्हिएत संघात जाते. तो तिला सापडतो, पण बर्फातून त्याला वाचवणाऱ्या स्त्रीचा नवरा आणि एका मुलीचा बाप म्हणून. जोव्हान्ना त्याच्याशी काही न बोलता सुटणाऱ्या गाडीत चढते. तिचा हक्क कायद्याने शाबूत आहे, पण तो वापरण्यासाठी दुसरे घर मोडावे लागेल. येथे हक्काची मर्यादा बाहेरून येते. मध्ये दुसरी माणसे उभी आहेत.

झने यांच्या चित्रपटातही ही बाहेरची मर्यादा आहे, फक्त ती चटकन नजरेत भरत नाही. मानेक वाचला तो बन्वा नोत्र-दाम या शेतकरी सैनिकामुळे. त्याने मृतांच्या ओळखपट्ट्यांची अदलाबदल केली आणि मानेकला देरोशेल या तरुणाचे नाव दिले. म्हणजे एक जण जिवंत राहिला तो दुसऱ्याचे मरण झाकले गेल्यामुळे. मातिल्दला मानेक सापडतो त्या क्षणी खरा देरोशेल प्रथमच अधिकृतपणे मरतो. शोधाच्या कथांमध्ये हा दुसरा हिशेब सहसा मांडला जात नाही. आपल्या माणसाला परत मिळवणे ही नेहमीच निरपराध कृती नसते, एवढी जाणीव या अदलाबदलीने वाचकाला व प्रेक्षकाला दिली पाहिजे.

४

येथे आणखी एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. मातिल्दजवळ आईवडिलांच्या पश्चात आलेला पैसा आहे, अक्षरज्ञान आहे, वकील आहे. मुख्य म्हणजे ज्याला शोधायचे त्याचे नाव कोठेतरी लिहिलेले आहे. शोध ही नावावर उभी राहणारी क्रिया आहे. नावच नोंदले गेले नसेल तर?

हा प्रश्न त्याच महायुद्धातील मराठी माणसांनाही लागू होतो. १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलपर्यंत मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियात ज्यांची थडगी नाहीत अशांसाठी बसऱ्याला जे स्मारक उभारले गेले, त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. सामान्य हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या दिली गेली. या असमानतेची चौकशी होऊन राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने जाहीर माफी मागितली ती २०२१ साली. साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या खेड्यातल्या एखाद्या स्त्रीने शोध घ्यायचे ठरवले असते, तर ती त्या आकड्यात आपला माणूस कसा ओळखणार होती? तिची निष्ठा मातिल्दहून उणी होती म्हणून तिची कथा नाही असे नव्हे. कथेला लागणारा कागद तिच्या वाट्याला आला नाही.

या आक्षेपाने चित्रपटाचे मोल कमी होते असे मला वाटत नाही. उलट त्याने शोधाच्या पहिल्या मूल्याची व्याप्ती स्पष्ट होते. रकान्यातून माणूस सोडवण्याचा हक्क हा एका प्रेयसीचा खासगी हक्क नाही. तो प्रत्येक नावाला व त्याहूनही नाव नसलेल्यांना लागू असलेला न्यायाचा दावा आहे. मातिल्द हा दावा शासनाविरुद्ध करते, तोवर तो निःशंक आहे. हाच दावा सापडलेल्या माणसाविरुद्ध वळतो काय, हा पुढचा प्रश्न.

५

मानेक जिवंत आहे, पण त्याची स्मृती गेली आहे. मातिल्द त्याच्यासमोर येते तेव्हा तो तिला ओळखत नाही. जॉन लॉकने वैयक्तिक एकात्मता जाणिवेच्या सातत्यावर, विशेषतः स्मृतीवर उभी केली होती. त्या कसोटीने पाहिल्यास शब्द देणारा मानेक उरलेलाच नाही. मातिल्दला सापडला तो त्याच देहातला दुसरा माणूस, आणि अशा माणसावर जुन्या शब्दाचा भार टाकता येणार नाही. याउलट पॉल रिकर यांनी 'तेच असणे' आणि 'स्वतः असणे' यांत फरक केला. माणूस बदलला तरी दिलेला शब्द पाळण्यात त्याचे स्वत्व टिकते, असे त्यांचे म्हणणे. पण हा युक्तिवाद मातिल्दला लागू पडतो, मानेकला नाही. शब्द दिल्याचे ज्याला आठवतच नाही, त्याने तो पाळायचा कसा? वाङ्निश्चयाची दोन टोके असतात आणि येथे एकच टोक कोणाच्या तरी हातात उरले आहे.

धर्मशास्त्राने या पेचाला एक विलक्षण उत्तर दिलेले आढळते. ज्याचे और्ध्वदेहिक झाले आहे असा माणूस परत आला, तर त्याला घृतस्नान घालून जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करावेत आणि स्वतःच्याच पत्नीशी त्याने पुन्हा विवाह करावा, असे सांगितले आहे. कर्मकांडाचा भाग वगळला तरी यातली दृष्टी मोलाची आहे. परत आलेला माणूस जुन्या नात्यात आपोआप बसत नाही. तो नवजात आहे, आणि त्याच्याशी नाते पुन्हा जोडावे लागते.

चित्रपटाचा शेवटचा प्रसंग या दृष्टीने पाहावा. बागेत बसलेला मानेक लंगडत येणाऱ्या अनोळखी तरुणीला पाहतो आणि चालताना तिला दुखते का, असे विचारतो. लहानपणी पहिल्या भेटीत त्याने तिला हेच विचारले होते. स्मृती गेली, पण दुसऱ्याचे दुखणे दिसण्याची वृत्ती गेली नाही. लॉकला हे उत्तर आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. माणसाचे मीपण त्याच्या आठवणींपेक्षा त्याच्या करुणेच्या वळणात अधिक खोल रुजलेले असते, असा या प्रसंगाचा अर्थ लावता येईल. तथापि येथे सावध राहायला हवे. हा प्रश्न मातिल्दला मातिल्द म्हणून विचारलेला नाही. त्या जागी कोणतीही लंगडणारी स्त्री असती, तरी त्याने तो विचारला असता. तिला मिळते ती ओळख नव्हे, सहानुभूती आहे. ओळखीचा गोड शेवट देण्याची सोय असूनही चित्रपट तो देत नाही. झने यांच्या सोनेरी रंगसंगतीवर आणि योगायोगांवर भाबडेपणाचा आरोप करता येईल, पण या एका ठिकाणी तो टिकणार नाही.

यानंतर मातिल्द काय करते? ती आपण कोण हे सांगत नाही. आठवणींचा पुरावा पुढे करत नाही. शोधात जमवलेल्या साऱ्या कागदांपैकी एकही त्याच्यासमोर ठेवत नाही. ती खुर्चीवर बसते आणि त्याच्याकडे पाहत राहते. ज्या स्त्रीने कित्येक साक्षीदारांना बोलते केले, तिने आपल्या हक्काचा सर्वांत मोठा साक्षीदार समोर असताना प्रश्न विचारणे थांबवले. जोव्हान्नाच्या हक्काला दुसऱ्या घराची भिंत आडवी आली होती. मातिल्दपुढे अशी भिंत नाही. तिची मर्यादा तिने स्वतः घातलेली आहे, म्हणून ती अधिक अवघड आहे.

शोधाचा हक्क शासनाच्या नोंदीविरुद्ध संपूर्ण असतो. सापडलेल्या माणसाविरुद्ध तो शून्य असतो. या दोन विधानांत विसंगती नाही. माणसाला रकान्यातून सोडवायचे ते पुन्हा आपल्या आठवणीच्या रकान्यात कोंडण्यासाठी नसेल, तर शोध संपतो तेथे दावा सोडावाच लागतो. हरवलेला माणूस सापडला म्हणजे तो आपला झाला, असे होत नाही. तो त्याचा स्वतःचा होतो, आणि त्याच्याशी पहिला शब्द नव्याने बोलावा लागतो.