नेटलची छाती

नेटल आणि विक या एकाच वेताच्या बहिणी. इंग्लंडच्या उत्तरेला लेक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ मुलूख आहे, तिथल्या एका खोऱ्यात दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जन्मलेल्या टेरियर कुत्र्या. विक काकाकडे राहिली, नेटल पुतण्याकडे. काकाचा उभा जन्म पाटीच्या दगडाच्या खाणीत गेलेला; पुतण्या मेंढ्यांच्या फार्मवर गडी. घरं शेजारीशेजारी, मध्ये दगडाचा एक बुटका गडगा.

आपल्याकडे टेरियर म्हटलं की पुण्या-मुंबईच्या सोसायटीत लिफ्टमधून फिरायला जाणारं, पाहुण्यांच्या पायाशी घोटाळणारं एक गोडुलं कुत्रं डोळ्यांपुढे येतं. त्या खोऱ्यात टेरियर म्हणजे कामाचा गडी. तिथले चढ इतके अंगावर येणारे की कोल्ह्याची शिकार घोड्यावरून होतच नसे. हाउंड कुत्र्यांचा जथा पुढे आणि माणसं पायी मागे. पाठलाग जिवाशी आला की कोल्हा कड्याखाली कोसळलेल्या धोंड्यांच्या राशीत शिरायचा. अशा राशीला तिकडे बॉरन म्हणतात. हाउंडचं धूड तिथे आत मावत नाही, तो बाहेर उभा राहून भुंकतो. मग सहा-सात किलोंचं टेरियर आत सोडायचं. काळोखात, ओल्या दगडांमधून सरपटत ते कोल्ह्याच्या तोंडापुढे जाणार आणि भुंकून भुंकून त्याला बाहेर काढणार. बाहेर पडण्याची वाट कुठे आहे, आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसतं आणि त्याची त्याला फिकीरही नसते.

वसंतात हर्डविक मेंढ्या वितात तेव्हा कोल्ह्याने कोकरं पळवायची आणि शरदापासून पुढे मेंढपाळांनी त्याचा हिशेब चुकता करायचा, असा तो पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. 2004 च्या कायद्याने तो मोडला. फेब्रुवारी 2005 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांचा जथा लावून कोल्हा मारणं गुन्हा आहे. माझ्या मते ते बरंच झालं. पण ही गोष्ट कोल्ह्याची नाही.

जुलैत गवतकापणी चालायची. कापणीला आलेली माणसं न्याहारीतलं पाव, चीज, चरबीचे तुकडे कुत्र्यांपुढे टाकायची. दोन्ही बहिणी गंजीच्या सावलीला लोळायच्या आणि फुगायच्या. कापणी संपली त्या रविवारी काकाने लोकर तोलायच्या काट्याला पोतं अडकवलं, पोत्यात विकला बसवलं, आकडा पाहिला आणि नुसतं हुं केलं. मग तिला खाली उभं करून पुढच्या पायांमागून दोन्ही हातांचे पंजे तिच्या छातीभोवती घातले. बांगड्या भरायच्या आधी कासार मनगट चाचपतो, तसं. अंगठ्याला अंगठा लागला, पण खाली बोटांना बोटं भिडेनात. बिळात जाणाऱ्या कुत्र्याचं हे खरं माप. बॉर्डर टेरियर या भाऊबंद जातीच्या अधिकृत वर्णनातसुद्धा ते लिहिलेलं आहे: छाती माणसाच्या दोन पंजांत मावली पाहिजे. दोन पंजांत मावतं ते कोल्ह्याच्या वाटेत मावतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत काकाने विकला पट्टा बांधला आणि खडीच्या रस्त्याने चालवत नेलं. पळवलं नाही, सोडलंही नाही. जेमतेम मैलभर गेला असेल, परत आला.

पुतण्या गडग्यावर बसून बघत होता. ‘‘काका, डोंगर सोडून रस्त्यावर? म्हाताऱ्या बाईला देवळात नेतोयस का?’’

‘‘डोंगर कुठे जात नाही,’’ काका म्हणाला.

त्याचं गणित साधं होतं. उन्हाळाभर मऊ गवतावर लोळून पंज्याच्या गाद्या लोण्यासारख्या होतात. त्यांना खडीची सवय हळूहळू लागते. घाई केली की कातडं सोलून निघतं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सोडलेलं कुत्रं सुसाट पळतं, थांबतं, हुंगतं, पुन्हा पळतं. पट्ट्यावर मात्र त्याला एकसारखं दुडक्या चालीने चालावं लागतं, आणि मांड्या, पाठ, खांदे भरतात ते त्या कंटाळवाण्या चालीने. वेळ पहाटेची, कारण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा पंखा, आणि चढत्या उन्हात तो पंखा पुरत नाही. खाणं चालून आल्यावर, दम बसला की, आणि तेही मोजून. न्याहारीचे तुकडे बंद.

ऑगस्ट असाच गेला. मैलाचे दोन झाले, दोनाचे चार. मग काका रस्ता सोडून चढाला लागला. सप्टेंबरात त्याने तिला नेच्यांच्या रानात सशांमागे सोडायला सुरुवात केली, कारण आता थोडा वेळ पण जीव तोडून पळायला लागणारा दम हवा होता. तळ्यात काठी फेकून पोहवलं. आठवड्यातला एक दिवस ती चुलीपुढे नुसती झोपायची, आणि तो दिवस काकाने एकदाही चुकवला नाही. दर रविवारी काटा, दर रविवारी पंजे. संध्याकाळी तो तिचा एकेक पंजा मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्यात काटा, कूस, चीर बघायचा. ती कंटाळून जांभया द्यायची. तयारीच्या एवढ्या सगळ्या कामात बघण्यासारखं काहीच नव्हतं, हेच पुतण्याला पटेना.

त्याची नेटल उपजत धाडसी. खोऱ्यात तिच्यासारखी जिगर दुसऱ्या कुत्रीत नव्हती, हे काकाही कबूल करायचा. सप्टेंबर सरता सरता पुतण्याला जाग आली. त्याने सायकल काढली आणि नेटलला मागे पळवलं. पहिल्याच दिवशी खिंडीपर्यंत. नेटल एकदाही मागे पडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी तिने उंबऱ्यावर ओल्या लाल ठशांची रांग उमटवली, आणि तरी सायकल बाहेर काढल्याबरोबर ती शेपूट ताठ करून दारात हजर. पुतण्याने पंज्यांना मलम चोपडलं, दोन दिवस विश्रांती दिली. जखमा वरवर सुकल्या. वजन थोडं उतरलं होतं. छाती मात्र तशीच.

शिकारीच्या आदल्या संध्याकाळी काकाने गडग्यावरून वाकून तिच्या छातीला पंजे घातले. बोटांमध्ये दोन बोटांचं अंतर.

‘‘हिला उद्या घरी ठेव.’’

‘‘दार फोडेल ती. बघ तरी कशी नाचतेय.’’

‘‘नाचणारच. उद्या पाय मोडलेला असला तरी नाचेल,’’ काका म्हणाला. ‘‘तिच्या रक्तात ‘नाही’ नाही रे पोरा. ते तिच्या वाटचं तू म्हणायचं असतं.’’

पुतण्या हसला. पंचविशीतला पोरगा, धाडसी कुत्रीचा मालक. आपण त्याच्या जागी असतो तर हसलोच असतो.

सकाळी बारीक पाऊस. रिवाजाप्रमाणे दोन्ही टेरियरचे गळपट्टे एका आखूड साखळीने जोडलेले, म्हणजे दिवसभर दोघींनी एकत्र चालायचं. नेटल पहिल्या पावलापासून पुढे ओढत होती, विक आपल्या चालीने. कोल्ह्याने जथ्याला दोन डोंगर फिरवलं. ओढे, दलदल, भिंती, घसरडी दरड. पंधरा मैलांचा तरी फेरा झाला असेल. बिळातलं काम ते काय, अर्ध्या-पाऊण तासाचं. पण तिथवर पोचायलाच दिवस लागतो. कुत्र्याची तयारी करायची ती खरी या दिवसासाठी.

दुपारी उशिरा कोल्हा बॉरनमध्ये शिरला. शिकारप्रमुखाने मागे वळून टेरियर मागितला. विक ओल्या हेदरच्या झुडपांत पोट टेकून डोळे मिटून पडली होती. नेटल दोन पायांवर उभी राहून साखळीला हिसके देत, थरथरत रडत होती. कुणीही नेटललाच निवडलं असतं. शिकारप्रमुखाने निवडलं. काकाने तोंड उघडलं आणि मिटलं. कुत्री त्याची नव्हती.

नेटल आत गेली. भुंकणं जवळून आलं, मग खोलातून, मग दगडांच्या आतून कुठून तरी. विसेक मिनिटांत कोल्हा वरच्या फटीतून बाहेर उसळला, जथा त्याच्या मागे, माणसांची आरोळी. पुतण्याने काकाकडे पाहिलं ते जिंकल्यासारखं, आणि जिंकलाच होता. कामगिरी फत्ते झाली होती. फक्त नेटल बाहेर येत नव्हती.

माणसं जथ्यामागे गेली. काका-पुतणे राशीपाशी बसले. हाका मारल्या. आतून एक बारीक कुईकुई, मग तीही बंद. अंधार पडल्यावर काकाने विकला आत सोडलं. बराच वेळ काही नाही. मग खाली डावीकडून तिचं भुंकणं आलं, एकाच जागेवरून, सावकाश. काकाने कान लावून जागा धरली, दगडावर खडूने फुली मारली आणि शीळ घातली. थोड्या वेळाने विक ज्या फटीतून गेली होती त्याच फटीतून बाहेर आली, अंग झाडलं आणि काकाच्या कोटात शिरली.

रात्रभर कंदील आणि पहारी. सकाळी काकाचे खाणीतले सोबती आले. त्यांनी धोंडे हलवून पाहिले, राशीवर फिरले, आपसात बोलले. फुलीच्या खाली घराएवढी शिळा होती. सुरुंग लावला तर वरची सगळी रास कुत्रीवर बसणार. नेटल मारामारीच्या भरात एका फटीतून अंग रेटत आत गेली होती. जाताना जोर होता, परतायला तो उरला नव्हता, आणि दमलेलं, फुललेलं अंग फटीत बसत नव्हतं.

‘‘मग करायचं काय?’’ पुतण्याने विचारलं.

‘‘काही नाही. थांबायचं.’’

पुतण्या दोन दिवस तिथून हलला नाही. फटीत तोंड घालून बोलत बसायचा. रस्त्यावरची काकाची ती कंटाळवाणी चाल त्याला त्या दोन दिवसांत नक्की आठवली असेल, पण त्याने तसं कुणाला सांगितलेलं नाही, तेव्हा मी त्याच्या तोंडी घालत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी फटीतून आधी चिखलाने माखलेलं नाक आलं, मग कान, मग थांबत थांबत बाकीची नेटल. कुणी तिला काढली नव्हती. उपाशी राहून ती एवढी झडली की ज्या वाटेने गेली त्याच वाटेने परत येऊ शकली. त्या डोंगरांत अडकलेले टेरियर असे आपोआप सुटून आल्याचं जुने लोक सांगत. भुकेने केलेली सुटका. पुढच्या पंज्यांची कातडी पार गेली होती, एक कान फाटला होता. पुतण्या पाव घेऊन धावला तेव्हा काकाने त्याचा हात धरला आणि कोमट दुधाचे चार चमचे, त्याहून जास्त नाही, असं बजावलं. मग उगीच म्हणून तिच्या छातीभोवती पंजे घातले. बोटांना बोटं भिडली.

‘‘आता बसलं माप,’’ तो म्हणाला.

त्या हिवाळ्यात नेटल पुन्हा डोंगरावर गेली नाही. पुढच्या जुलैत कापणी संपली त्या रविवारी पुतण्या पोतं घेऊन काकाच्या अंगणात उभा राहिला. काकाने काही विचारलं नाही, काटा काढून दिला. ऑगस्टभर खडीच्या रस्त्याने पहाटे दोन माणसं आणि दोन कुत्र्या चालताना दिसायच्या. खोऱ्यातल्या पोरांनी पुतण्याची भरपूर टर उडवली. म्हातारी, देऊळ, सगळं त्याचंच त्याला ऐकवलं.

नोव्हेंबरात एका मंगळवारी नेटल दीड तास बिळात होती. कोल्हा काढून, स्वतःच्या पायांनी परत आली. गुरुवारी पुन्हा शिकार. पुतण्याने तिला सोबत घेतलं. ती दिवसभर साखळीला ओढत चालली, आणि दुपारी कोल्हा बॉरनमध्ये शिरल्यावर नेहमीसारखी दोन पायांवर उभी राहून रडायला लागली.

‘‘सोड तिला,’’ शिकारप्रमुख म्हणाला.

‘‘आज नाही. परवाच खाली जाऊन आलीय.’’

‘‘अरे, बघ तरी तिच्याकडे!’’

‘‘बघतोय.’’

मागे कुणीतरी हसलं. शिकारप्रमुखाने दुसऱ्याच्या कुत्र्याला खूण केली आणि जाता जाता वैतागून विचारलं, ‘‘मग आणलीस कशाला?’’

‘‘चालायला,’’ पुतण्या म्हणाला.