चैत्रातला कांदा

आमच्या बेळगावच्या बाहेर एक शेत आहे. बुद्धीनं मागं राहिलेली, पण आता वयानं मोठी झालेली मुलं तिथं दिवसभर काम करतात. हॉलंडात अशी हजारावर शेतं आहेत. आपल्याकडं बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांनी आनंदवनाचं रान पिकवलं, तो विचारही याच्या जवळचाच. मी रविवारी तिथं जाते. मदत म्हणायची खरी, होते किती कोण जाणे.

फाल्गुन संपता संपता कांदा काढायला येतो. पाणी आधीच तोडलेलं असतं. निम्म्या पातींच्या माना पडल्या की उपटायचा. मग तो चार दिवस वाफ्यातच पसरतात, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल अशी, म्हणजे ऊन लागत नाही. या पसरण्यात ही मुलं फार तरबेज. घाई नाही, कंटाळा नाही. त्यानंतर बोटभर मान ठेवून पात कापायची आणि कांदा सावलीत वाळवायचा. एकीकडं शेणखत ओढणं, दोडक्याच्या आळ्यांना पाणी, झाडाखाली पाखरांसाठी परळ भरणं चालूच.

मी कांदा खात नाही. कंदमुळात एका शरीरात अनंत जीव मानलेले. लहानपणापासून ते अंगवळणी पडलंय. पण आमचा समाज इकडं शेतकऱ्यांचा. शेती शिकवली तीच मुळी आदिनाथांनी, असं आम्ही सांगतो. नांगराखाली जीव मरतात म्हणून शेती सोडा, असं श्रावकाला कुणी सांगितलेलं नाही. त्यानं सोडायची ती संकल्पी हिंसा. त्यामुळं कांदा उपटताना माझा हात अडत नाही. अडचण निराळीच निघाली.

पंचविशीचा एक मुलगा आहे. त्यानं त्याच्या वाफ्यातला सगळ्यांत मोठा कांदा मला दिला. "घ्या की मावशी, भाजी करा." मी घेतला. घरी कामाला येणाऱ्या बाईंना दिला. पुढच्या रविवारी त्यानं फाटकातच विचारलं, "कसा झाला?" मी म्हटलं, "छान झाला रे."

त्यानं लगेच पाच कांदे आणले. निवडून ठेवलेले.

घरी येताना मी स्वतःची समजूत घालत होते. आमच्या शास्त्रात सत्य हे अहिंसेच्या पाठीमागून चालतं. ज्यानं जीव दुखावतो ते बोलणं खरं असलं तरी चांगलं नव्हे, असं पूज्यपादांनी तत्त्वार्थसूत्रावर लिहिताना म्हटलंय. मग मी वावगं काय केलं? त्याचं मन राखलं!

पण एक गोष्ट काही केल्या सुटेना. हाच कांदा तिथल्या गुरुजींनी दिला असता तर? मी हसून म्हटलं असतं, "आम्ही खात नाही हो." ते "अरे हो की" म्हणाले असते आणि विषय तिथंच मिटला असता. त्यांना खरं सांगायला मला शास्त्र आठवावं लागलं नसतं. याला मात्र खोटं चालेल, याला काय कळणार, असं मी मनात न बोलताच ठरवून टाकलं होतं. त्याचं दुःख वाचवलं म्हणत होते, त्यात माझा अवघडलेपणाच जास्त. हिंसेच्या मुळाशी प्रमाद असतो, असं उमास्वामी सांगतात. प्रमाद म्हणजे बेसावधपण. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून बघून चालणारी मी, इथं बघायचं राहिलं.

पुढच्या रविवारी पाचही कांदे पिशवीत घालून नेले. त्याला सांगितलं की मी कांदा खात नाही, कधीच खाल्ला नाही, तेव्हा खोटं बोलले.

"पोट दुखतंय?"

"नाही. आमच्यात खात नाहीत."

"मग कुणी खाल्लं?"

"आमच्याकडं कामाला बाई येतात, त्यांनी. त्यांना आवडला. हे खरं आहे."

तो बराच वेळ काही बोलला नाही. हसलाही नाही. मला वाटलं, झालं, आता हा येणार नाही आपल्याजवळ. मग त्यानं पिशवीतले कांदे एकेक मोजून काढले. चार टोपलीत परत टाकले. पाचवा पिशवीतच ठेवून म्हणाला, "हा त्या बाईंना द्या," आणि पात कापायला निघून गेला.