आडवल्लानाचे माप

ज्या सत्यावर कोणा एकाची मालकी नाही त्याची नोंद अनेकांनी मिळून कशी ठेवावी, हा प्रश्न बँका, वाहतूकदार आणि कारखानदार एकत्र बसून सामाईक संगणकप्रणाली आखू लागले तेव्हाच उपस्थित झाला, असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंती निरखणाऱ्यास तो तेथे सहस्र वर्षांपूर्वीच धर्मविचाराच्या अंगाने उभा असलेला आढळतो.

इ. स. १०१० मध्ये पूर्णत्वास गेलेल्या या मंदिराच्या संपत्तीचा धनी देव, आणि देव काही वही उघडून बसत नाही. त्याचे धन गावोगावच्या सभांना कासू या नाण्यामागे सालीना एक-अष्टमांश कासू व्याजाने दिलेले. एकेका नंदादीपासाठी ९६ मेंढ्या धनगरांच्या हवाली केलेल्या आणि त्यांच्याकडून दररोज एक उळक्कु (एक लहान माप) तूप येणे. भांडारी, हिशेबनीस आणि पहारेकरी पुरविण्याची जबाबदारी निरनिराळ्या गावांवर. राजसत्ता, देवस्थान, ग्रामसभा आणि धनगर यांच्या हिशेबांची परस्परांशी रुजवात झाल्यावाचून गाभाऱ्यातील एक दिवाही तेवत राहणे शक्य नव्हते.

ही रुजवात कशाच्या आधारे होई, ते शिलालेखांतील एका रुक्ष तपशिलावरून उमगते. सोने 'आडवल्लान' नामक वजनाने, रत्ने 'दक्षिणमेरुविटंकन्' या वजनाने तोलली आणि धान्यही 'आडवल्लान' या मापानेच मोजले, असे तेथे वारंवार नमूद आहे. ही दोन्ही नावे देवाची. गावाने आपला कारभार आपल्या सभेत करावा, मात्र माप आपले म्हणू नये, एवढीच येथे अपेक्षा. ईशावास्योपनिषदाने सांगितलेला त्याग तो हाच असावा: वाटा सोडावयाचा नाही, कर्तव्य तर नाहीच नाही, सोडावयाचे ते आपल्याच मापाने जग मोजण्याचे ममत्व. आजच्या व्यवहारातही एकाच्या वहीत माल फाटकाबाहेर पडताच विकला गेला आणि दुसऱ्याच्या वहीत तो गोदामात उतरल्यावरच आला, असा तंटा जेथे माजतो तेथे यंत्राचा दोष थोडा, ममत्वाचा अधिक.

तथापि येथे भाबडेपणा कामाचा नाही. देवाचे ते धान्यमाप 'राजकेसरी' या मापाइतकेच होते, आणि राजकेसरी हे मंदिर उभारणाऱ्या खुद्द चोळ राजा राजराजाचे बिरुद. सर्वांचे म्हणून पुढे केलेले माप बहुधा बलिष्ठाचेच असते; आजही लहान पुरवठादारास मोठ्या खरेदीदाराने आखलेले रकानेच मुकाट्याने भरावे लागतात. मात्र शिलालेखाने हे नाते झाकले नाही, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोरून ठेवले. पुढे मराठी राज्य आले, १८०३ साली सरफोजीराजांनी भोसले कुळाचा इतिहास याच प्राकारात मराठीत कोरविला, तरी चोळांची अक्षरे आपल्या जागी राहिली. आणि आजही कारभार एकाच्या हाती नाही: वास्तूची राखण पुरातत्त्व खात्याकडे, तर देवस्थानाचे वंशपरंपरागत विश्वस्तपद भोसले घराण्याकडे आहे.

तेव्हा अनेक संस्थांनी मिळून व्यवहाराची नोंदव्यवस्था आखावयाची तर निःपक्ष मापाच्या शोधात आयुष्य वेचण्यापेक्षा, माप कोणाचे आहे हे उघड लिहावे, ते तपासण्याचा अधिकार दुबळ्यात दुबळ्या सहभाग्यास द्यावा आणि आधीच्याची नोंद खोडू नये. निःस्पृहतेचा दावा करण्याहून ती सिद्ध करण्याचा हाच मार्ग अधिक धर्म्य होय.