खिडकीतून पाहणारे

पवित्र शास्त्रात एकट्याने केलेल्या नृत्याचे दोन प्रसंग आमच्या मनात नेहमी शेजारी शेजारी उभे राहतात. कराराचा कोश यरुशलेमेत आणताना दावीद राजा देहभान विसरून नाचला. हेरोदाच्या वाढदिवसाच्या मेजवानीत हेरोदियेची मुलगी नाचली. दावीदाला बक्षीस मिळायचे नव्हते, परीक्षक मात्र होती. त्याची पत्नी मीखल खिडकीतून पाहत होती, आणि राजाने आपली शोभा घालवली असा निकाल तिने दिला. हेरोदियेच्या मुलीला हवे ते बक्षीस मिळाले. ते तबकातून आले.

मग नृत्याची स्पर्धा भरवणे हेच गैर म्हणावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. जर्मनीत स्टुटगार्ट येथे १९९७ साली नवोदितांसाठी एकल समकालीन नृत्याचा स्पर्धा-महोत्सव सुरू झाला. तेथे नृत्यरचनेला वेगळे आणि नर्तनाला वेगळे पारितोषिक असते. ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही त्याला रंगमंच, प्रकाश आणि शांत बसलेले प्रेक्षक मिळावेत, ही लहान गोष्ट नव्हे. प्रश्न आहे तो परीक्षकाचा. संत पौलाने श्रद्धेच्या जीवनाला शर्यतीची उपमा दिली. पण शर्यतीला अंतिम रेषा असते. भरतनाट्यम किंवा कथकच्या परीक्षकाजवळही ताल, हस्तमुद्रा, पदन्यास अशी पिढ्यांनी घडवलेली मापे असतात. समकालीन नर्तक आपले माप आपल्याबरोबरच घेऊन येतो. ते ओळखण्याआधी निकाल देणे हा अन्यायच, आणि तो सद्हेतूने होतो म्हणून उमगायला अधिक अवघड. अस्ताद देबू (१९४७–२०२०) यांनी कथक आणि कथकली शिकून स्वतःची एकल शैली घडवली. ते भारतात पाश्चात्त्य ठरत आणि परदेशात पुरेसे भारतीय ठरत नसत. दोन्हीकडे खिडक्याच!

हे लिहिताना आमचा हात अडखळतो, कारण नागपुरातील एका युवक मेळाव्यात आम्ही स्वतः परीक्षक होतो. मिस्साबलिदानात अर्पणाच्या वेळी आरतीची ताटे घेऊन येणारा मुलींचा समूह आम्हांला शोभून दिसतो. पण एकटा देह गीताविना, नुसत्या श्वासावर हलू लागला की आम्ही खुर्चीत सावरून बसतो. त्या दिवशी विशीतला एक मुलगा नाचता नाचता थांबला आणि जवळजवळ मिनिटभर तसाच उभा राहिला. आमच्या हातातील तक्त्यावर लय, हावभाव, वेशभूषा असे रकाने होते. आम्ही लयीचे गुण कापले.

कार्यक्रम संपल्यावर तो भेटायला आला. तक्रार करील असे वाटले होते.

"सर, गुणांचं असू द्या," तो म्हणाला. "मी थांबलो तेव्हा तुम्हाला काय दिसलं?"

तो थांबला तेव्हा आमची मान तक्त्यावर होती. ते त्याला सांगण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. प्रकाशयोजनेविषयी आम्ही काहीतरी बोललो, आणि त्याने ते नम्रपणे ऐकून घेतले.