वाचवलेले पाणी कोणाचे?

काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात सेवेस होतो, तेथे चर्चच्या मागे केळी-नारळाची एक वाडी होती. विहिरीवर पंप होता, पाटाने पाणी वाहून आळी भरत आणि मे महिना उजाडला की विहिरीचा तळ दिसू लागे. धर्मग्रामातील एका जाणत्या तरुणाच्या सल्ल्याने आम्ही वाडीत ठिबकच्या नळ्या अंथरल्या आणि पंपाला ठरल्या वेळी आपोआप चालू-बंद होणारे यंत्र बसवले. त्या उन्हाळ्यात विहिरीत प्रथमच पाणी शिल्लक राहिले. आम्हाला इतके समाधान वाटले की रविवारच्या प्रवचनातही आम्ही त्याचा दाखला दिला. पुढच्या वर्षी त्या शिल्लक पाण्याच्या भरवशावर आम्ही बाजूचा पडीक तुकडा फुलझाडे आणि भाजीपाल्याखाली आणला.

तिसऱ्या उन्हाळ्यात उताराच्या अंगाला राहणारी एक वयस्क शेजारीण कळशी घेऊन आमच्या दारी आली. तिची विहीर आटली होती. तिने तक्रार केली नाही. पाणी भरण्याची परवानगी तेवढी मागितली. जाताना मात्र सहज बोलून गेली, “फादर, तुमच्या वाडीतलं पाणी वाया जायचं ना, तेव्हा ते माझ्या विहिरीत यायचं.”

या एका वाक्याने आमचे समाधान हिरावून घेतले. आम्ही चोरी केली नव्हती. कोणता कायदाही मोडला नव्हता. उलट, काटकसर केली होती. मग मनाला टोचणी का लागावी?

विज्ञानाला दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. ठिबक सिंचन हे मानवी बुद्धीचे एक सुंदर फळ आहे. सिम्खा ब्लास या इस्रायली अभियंत्याच्या कल्पनेतून ते साकारले आणि १९६५ साली नेगेव वाळवंटातील हात्झेरिम या सामुदायिक वसाहतीने त्याच्या उत्पादनाची जबाबदारी उचलली. त्याच देशात आज शहरांच्या सांडपाण्यापैकी सुमारे ९० टक्के पाणी शुद्ध करून पुन्हा वापरले जाते. तेल अवीव परिसराचे मैलापाणी प्रक्रियेनंतर वाळूच्या थरांतून मुरवले जाते आणि दक्षिणेकडच्या शेतांना पुरवले जाते. टाकून दिलेल्या गोष्टीतून जीवन फुलवावे, याहून समाधानाची गोष्ट कोणती? आपल्याकडेही बारामतीच्या कृषी विकास संस्थेने २०२४ च्या सुमारास उसाच्या शेतात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू केला. जमिनीतील ओलावा मोजणारी उपकरणे, हवामानाची नोंद आणि उपग्रहाची छायाचित्रे यांची सांगड घालून केव्हा व किती पाणी द्यावे, हे शेतकऱ्याला त्याच्या भ्रमणध्वनीवर कळवले जाते. हे सारे स्वागतार्हच आहे.

परंतु यंत्राने पाणी वाचले म्हणजे पृथ्वीचे पाणी वाचलेच, असे नाही. विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच कोळशाविषयी हे दाखवून दिले होते: वाफेचे यंत्र जितके काटकसरी झाले, तितका देशाचा कोळशाचा एकूण वापर वाढला, कारण वापर स्वस्त झाला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात शेतकऱ्यांनी सरकारी साहाय्याने पाणी वाचवणारे फवारे बसवले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की भूजलाचा उपसा कमी होण्याऐवजी वाढला, कारण शेतकरी अधिक तहानलेल्या पिकांकडे वळले होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१७ च्या अहवालाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. पाटाने दिलेले सगळेच पाणी वाया जात नाही. त्यातील बराच भाग मुरतो आणि खालच्या अंगाच्या विहिरीला, ओढ्याला जाऊन मिळतो. ते मुरणे थांबवायचे आणि उरलेल्या पाण्यावर नवी जमीन भिजवायची, म्हणजे शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी आपल्या पिकात घालायचे. आमच्या शेजारणीने जे एका वाक्यात सांगितले, ते सांगायला विद्वानांना मोठमोठे अहवाल लिहावे लागले.

येथे काटकसर आणि संयम यांतील भेद स्पष्ट होतो. काटकसर विचारते, ‘कमीत कमी पाण्यात हे काम कसे होईल?’ संयम विचारतो, ‘हे काम मी करावे काय, आणि माझ्यानंतर कोणाला प्यायचे आहे?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्र देऊ शकते, नव्हे, आपल्यापेक्षा अचूक देते. दुसरा प्रश्न त्याच्या कक्षेतच येत नाही. आमच्या लहानपणी वसईतील रहाट थांबत चालले होते. रहाटाला जुंपलेले जनावर थकत असे, आणि ते थकले की विहिरीलाही विसावा मिळे. ती मर्यादा कोणाच्या सद्गुणातून आली नव्हती. ती जनावराच्या दमातून आली होती. पंप थकत नाही. पुढे टँकर भरू लागले, उपसा वाढला आणि आमच्या किनाऱ्यावरील कित्येक गोड्या विहिरी मचूळ झाल्या. पूर्वी निसर्ग जी मर्यादा घालत होता, ती आता माणसाने स्वतः होऊन स्वीकारायची आहे. हेच अवघड आहे.

अवघड असले तरी अशक्य नाही. बारामतीला लागूनच असलेल्या पुरंदर तालुक्यात, १९७२ च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे या पुण्याच्या अभियंत्याने नायगाव येथे देवस्थानची उजाड जमीन खंडाने घेऊन काम आरंभले. त्यातून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या हिशेबाने नव्हे, तर घरातील माणसांच्या हिशेबाने मिळेल, माणशी अर्ध्या एकरापुरते. भूमिहीनालाही वाटा मिळेल. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येणार नाही. आणि उसासारखे बारमाही पीक घेता येणार नाही. पंप आणि नळ्या तेथेही होत्या. पण नळी टाकण्याआधी वाटा ठरला होता.

कोणी म्हणेल, कर्जाने वाकलेल्या शेतकऱ्याला संयमाचा उपदेश करणे धर्मगुरूला सोपे आहे. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. ज्याला उसाखेरीज दुसऱ्या पिकाच्या भावाची शाश्वती नाही, त्याने एकट्याने ऊस सोडावा असे म्हणणे हा अन्याय होईल. म्हणूनच संयम ही एकट्याची तपश्चर्या न राहता सर्वांनी मिळून केलेला करार व्हायला हवा. त्यात पिकवणाऱ्याबरोबर विकत घेणाराही आला, आणि शेतापलीकडच्या इमारतीत राहणारे आपणही आलो.

रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला, तो माणशी एक ओमेर. साठवून ठेवला, तर त्याला किडे पडले. लहानपणापासून ऐकलेल्या या कथेत माप जमिनीचे नाही, बळाचेही नाही, तोंडांचे आहे, हे आमच्या ध्यानात यायला एका आटलेल्या विहिरीची गरज पडली.

त्या पावसाळ्याआधी आम्ही आजूबाजूच्या आठ घरांना वाडीत बोलावले. प्रत्येक विहिरीत दोरी सोडून पाणी मोजले आणि आकडे एका वहीत लिहिले. नवा तुकडा अर्धा सोडून दिला आणि छपराचे पाणी चर खणून उताराच्या अंगाला मुरवले. ठिबक काढले नाही. काढण्याचे कारणही नव्हते. पुढच्या मे महिन्यात शेजारणीच्या विहिरीला जेमतेम दोन हात पाणी होते. ते मोजायला तिने स्वतः दोरी धरली होती.